रोटेटर कफ शिवता येत नाही, मग पुढे काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोटेटर कफ म्हणजे खांद्याचा सांधा धरून ठेवणारे चार स्नायू (प्रश्न १). त्यांच्या फाटीबद्दल जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा एमआरआयचा रिपोर्ट असतो. त्यावर ‘मॅसिव्ह टिअर’ (मोठी फाट) लिहिलेलं असतं आणि दोन डॉक्टरांनी दोन वेगळी ऑपरेशनं सुचवलेली असतात. दोघंही बरोबर असू शकतात. शिवता न येणाऱ्या कफचं ऑपरेशन किती सेंटीमीटर फाटलं यावर कमी ठरतं. नेमकं काय अडलंय, वय किती आणि त्या हाताने काम कोणतं करायचंय यावर जास्त ठरतं. एकदा सांगितलेली गोष्ट परत लिहिलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. डॉक्टर म्हणाले, “खांद्याची नस तुटली.” म्हणजे नेमकं काय तुटलं?

नस नाही, कंडरा तुटली. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा पांढरा, चिवट पट्टा. खांद्याभोवती असे चार स्नायू आहेत: वर सुप्रास्पिनेटस, मागे इन्फ्रास्पिनेटस आणि टेरेस मायनर, पुढे सबस्कॅप्युलॅरिस. चौघांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. खांद्याची वाटी नावालाच वाटी आहे, प्रत्यक्षात ती बशीइतकी उथळ. त्या बशीवर दंडाच्या हाडाचा गोळा नीट मध्यावर दाबून धरायचं काम कफ करतो, आणि हात वर खेचायचं काम बाहेरचा मोठा डेल्टॉइड. कफ गेला की डेल्टॉइडच्या ओढीने गोळा वर सरकतो आणि खांद्याच्या छताला, म्हणजे वरच्या हाडाला, घासतो. रात्री त्या कुशीवर झोपता न येणं, फळीवरचा डबा काढताना हात मध्येच पडणं, हे त्यातूनच येतं.

२. एक डॉक्टर म्हणतात शिवता येईल, दुसरे म्हणतात नाही. हे ठरतं कशावर?

आधी एक घोळ सोडवू. ‘मोठी’ फाट आणि ‘शिवता न येणारी’ फाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ५ सेंटीमीटरपेक्षा जास्त किंवा दोन कंडरा पूर्ण तुटल्या असतील तर फाट मोठी म्हणतात, पण अशा कितीतरी फाटी शिवता येतात. शिवता येणार नाही असं मानायला तीन खुणा पाहतात. तुटलेलं टोक पार वाटीच्या कडेपर्यंत मागे गेलं आहे का. स्नायूत चरबी किती भरली आहे. आणि उभं राहून काढलेल्या एक्स-रेत गोळा व छत यांतलं अंतर ७ मिलिमीटरच्या खाली आलं आहे का.

यात चरबी सर्वांत महत्त्वाची. तिच्या ० ते ४ अशा पायऱ्या आहेत. तिसरीत स्नायू आणि चरबी निम्मेनिम्म असतात, चौथीत चरबी जास्त. अशा स्नायूची कंडरा ओढूनताणून हाडाला शिवली तरी जुळत नाही, आणि जुळली तरी स्नायूत ओढ राहिलेली नसते. चरबी परत स्नायू होत नाही.

गंमत अशी की पुष्कळ एमआरआयमध्ये कंडरा छान दिसते, पण स्नायूचं पोट दिसेल इतकं आतपर्यंत चित्र घेतलेलंच नसतं. एमआरआयला जाताना “स्नायूतली चरबी मोजायची आहे, फऱ्याच्या हाडापर्यंत काप हवेत” हे चिठ्ठीवर लिहून घ्या. रिपोर्ट सहा महिन्यांपेक्षा जुना असेल तर त्यावर निर्णय घेऊ नका. एवढं करूनही काही वेळा खरं उत्तर ऑपरेशनच्या टेबलावर, कंडरा मोकळी करून ओढून पाहिल्यावरच मिळतं. म्हणून संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी विचारा: “शिवता आलं नाही तर तुम्ही काय करणार?” त्याचं उत्तर आधी ठरलेलं हवं.

३. वडील मोटारसायकलवरून पडले, त्या दिवसापासून हात उचलत नाही. त्यांचंही शिवता न येणारंच असेल का?

बहुधा नाही, आणि म्हणूनच घाई करा. ताज्या फाटीत स्नायू अजून चांगला असतो. पहिल्या काही आठवड्यांत शिवण्याची संधी सर्वांत चांगली. तीन महिन्यांनंतर टोक मागे सरकतं, चरबी वाढते. हाडवैद्याकडे मालिश आणि पट्टीत दीड-दोन महिने गेले की शिवता येणारी फाट शिवता न येणारी होण्याच्या वाटेला लागते. आधी एक्स-रे काढून हाड मोडलं किंवा सांधा निखळला नाही ना हे पाहावं लागतं, आणि दंडाच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा आहे का तेही. तिथे बधिरपणा असेल तर डेल्टॉइडची नस दुखावलेली असू शकते. ही नस पुढच्या सगळ्या निर्णयांत आडवी येते (प्रश्न १० पाहा).

४. ऑपरेशनशिवाय भागेल का?

बऱ्याच जणांचं भागतं. वय जास्त, हात डोक्यापर्यंत जातो, त्रास मुख्यतः दुखण्याचा, अशा माणसाने आधी १२ आठवडे डेल्टॉइडच्या पुढच्या भागाचा व्यायाम करावा. पद्धत ही: पाठीवर उताणं झोपा. चांगल्या हाताच्या आधाराने दुखरा हात छताकडे सरळ उभा करा, मग आधार सोडून तो तिथेच तोला. तोलता आला की पुढे-मागे थोडा झुलवा. पाच मिनिटं, दिवसातून तीन ते पाच वेळा. सोपं वाटू लागलं की हातात अर्धा लिटरची पाण्याची बाटली घ्या. ती जमली की पाठीमागे उशा रचत हळूहळू अर्धवट बसतं व्हा, शेवटी उभं राहून करा. लोक चुकतात ते इथे: पहिल्याच आठवड्यात उभं राहून सुरू करतात, खांदा कानाकडे उचलला जातो, दुखतं, आणि “व्यायामाने काही होत नाही” म्हणून सोडून देतात.

स्टेरॉइडचं इंजेक्शन काही आठवडे आराम देतं, त्या काळात व्यायाम बसवून घ्यायचा. पण एकामागून एक घेत राहू नका, आणि ऑपरेशन ठरत असेल तर इंजेक्शननंतर तीन महिने थांबा, नाहीतर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

५. ऑपरेशनं इतकी का आहेत? सगळ्यात चांगलं एकच सांगा.

एकच असतं तर बाकीची उरली नसती. डॉक्टर मनात जो हिशोब करतात तो असा. तक्रार दुखण्याची आहे की ताकदीची? ताकदीची असेल तर कोणती हालचाल गेली, वर उचलायची की बाहेर फिरवायची? पुढचा सबस्कॅप्युलॅरिस शाबूत आहे का? सांध्याचं कूर्चा (हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर) चांगलं आहे की झिजलं? डेल्टॉइड चालतो का? मग वय आणि काम.

ढोबळ मानाने, फक्त दुखणं असेल तर दुर्बिणीची लहान शस्त्रक्रिया (प्रश्न ६). वय साठच्या आत, कूर्चा चांगलं आणि हात बाहेर फिरत नसेल तर कंडरा बदली (प्रश्न ९). पासष्ट-सत्तरच्या पुढे, हात उचलतच नाही किंवा सांधा झिजला असेल तर रिव्हर्स नावाचा कृत्रिम सांधा (प्रश्न १०). उरलेले पर्याय यांच्या मधल्या जागेतले.

६. नुसतं “साफ” करून बरं वाटतं का?

दुखण्यापुरतं, हो. दुर्बिणीतून सुजलेलं आवरण आणि लोंबती टोकं काढतात आणि मुख्य म्हणजे बायसेप्सची लांब कंडरा सोडवतात. कफ फाटलेल्या खांद्यात पुष्कळदा खरी दुखरी जागा हीच असते. ती नुसती कापली तर दंडात स्नायूचा गोळा उतरलेला दिसतो, कधी पेटका येतो. हाडाला अडकवून ठेवली तर तसं दिसत नाही, पण सहा आठवडे त्या हाताने वजन उचलायचं नाही. ताकद यातून वाढत नाही. छताचं हाड आणि त्याला जोडलेला लिगामेंट मात्र कापू देऊ नका. गोळ्याला वर निसटण्यापासून अडवणारी तीच शेवटची भिंत असते.

जिथे कंडरेने गोळा पूर्ण झाकला जात नाही पण तिचा मागचा आणि पुढचा भाग तरी हाडाला टेकतो, तिथे अर्धी शिवण करतात. वर भोक राहतं, तरी पुढून-मागून ओढ जुळली की गोळा मध्यावर राहतो. झुलत्या पुलासारखं: मधला भाग नुसता लटकला तरी दोन टोकांचे खांब भार घेतात.

७. खांद्यात फुगा बसवतात म्हणे. चांगला का?

छत आणि गोळा यांच्यामध्ये विरघळणारा फुगा ठेवून त्यात सलाइन भरतात. साधारण वर्षभरात तो विरतो. ऑपरेशन लहान, म्हणून आकर्षक वाटतं. पण ब्रिटनमधली चाचणी २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली, तिथे फुगा घातलेल्यांपेक्षा नुसती सफाई केलेले रुग्ण बरे निघाले आणि चाचणी मध्येच थांबवली गेली. अमेरिकेतल्या चाचणीत फुगा अर्ध्या शिवणीच्या तोडीचा ठरला. आमचं मत: फुग्याचे पैसे वेगळे लागणार असतील तर सफाईपेक्षा तुम्हाला काय जास्त मिळेल, हे डॉक्टरांकडून नीट समजून घेतल्याशिवाय हो म्हणू नका.

८. मांडीचा पडदा काढून खांद्यात लावतात ते काय आहे?

याला सुपीरियर कॅप्सूल रिकन्स्ट्रक्शन म्हणतात. जपानच्या तेरुहिसा मिहाता यांनी ते रुळवलं, त्यांचा पहिला रुग्णांचा अहवाल २०१३ चा. मांडीच्या बाहेरच्या बाजूचं फॅशिया लाटा घडी घालून ६ ते ८ मिलिमीटर जाड करतात. एक कड वाटीच्या वरच्या काठाला, दुसरी गोळ्याला. गोळा वर सरकू नये यासाठीचं हे छप्पर. परदेशात दान केलेल्या त्वचेचा तुकडाही वापरतात, तो पातळ असतो. तुकडा पातळ पडला की फाटतो, आणि बहुतेक अपयश तिथेच येतं. कूर्चा झिजलेलं असेल किंवा सबस्कॅप्युलॅरिस दुरुस्त होत नसेल तर हे करू नये. मांडीची जखम काही आठवडे खांद्यापेक्षा जास्त दुखते, हे आधी कोणी सांगत नाही.

९. वय ५०. केळी काढायची असते, घड खांद्यावर घ्यावा लागतो. हात वर जातो, पण बाहेरच्या बाजूला फिरतच नाही. माझ्यासाठी काय?

तुमच्यासारख्यांसाठी कंडरा बदलीचा विचार होतो. जवळच्या चालू स्नायूची कंडरा सोडवून फाटलेल्या कंडरेच्या जागी बसवतात. दोन स्नायू वापरात आहेत. पाठीवरचा लॅटिसिमस डॉर्साय ही जुनी पद्धत, गेर्बर यांनी १९८८ मध्ये मांडलेली. दुसरी फऱ्याजवळच्या ट्रॅपेझियसच्या खालच्या भागाची. त्याची ओढ इन्फ्रास्पिनेटसच्या दिशेनेच असते, म्हणून हात बाहेर फिरवायला तो मेंदूला लवकर शिकवता येतो. पण त्याची कंडरा हाडापर्यंत पोचत नाही, मध्ये जोड लागतो. दान केलेली कंडरा मिळत नसेल तर गुडघ्यामागची स्वतःची घेतात.

अटी कडक आहेत. डेल्टॉइड चांगला हवा, कूर्चा चांगलं हवं. लॅटिसिमस बदलीला सबस्कॅप्युलॅरिस चालूच लागतो. उलट, फक्त सबस्कॅप्युलॅरिस गेला असेल (पोटावर तळहात दाबताना कोपर मागे पडतं) तर छातीचा पेक्टोरॅलिस किंवा लॅटिसिमस पुढे वळवतात.

आता कष्टाची बाजू. सहा ते आठ आठवडे हात बाहेर फिरवलेल्या अवस्थेत पट्ट्यात ठेवावा लागतो. हा पट्टा झोळीसारखा अंगाला चिकटत नाही, हात बाजूला उभा राहतो. एसटीच्या दारातून आडवं होऊन जावं लागतं, झोपताना पाठीमागे उशी लावून अर्धवट बसावं लागतं. मग स्नायूला नवं काम शिकवायला तीन-चार महिने. साधारण सहा ते नऊ महिन्यांनी शेताचं काम. घड खांद्यावर घ्यायचा असेल तर तो दुसऱ्या खांद्यावर, आणि उचलून ठेवायला माणूस.

सालदार मंडळी विचारतात, आखाजीला ऑपरेशन केलं तर पेरणीला उभं राहता येईल का? नाही. मधे सात-आठ आठवडेच असतात, तेवढ्यात पट्टाच निघतो.

१०. आईचं वय ७२. हात खांद्याच्या वर जातच नाही. रिव्हर्स सांधा सांगितलाय, म्हणजे उलटा का?

नेहमीच्या सांध्यात गोळा दंडाला आणि वाटी फऱ्याला असते; इथे फऱ्याला गोळा, दंडाला वाटी. फ्रान्समधल्या दिजोंचे पॉल ग्रामों यांनी १९८५ मध्ये हा विचार मांडला. सांध्याचा मध्य आत आणि खाली सरकतो, डेल्टॉइडला जास्त लांब तरफ मिळाल्यासारखी होते, आणि कफ नसतानाही एकटा डेल्टॉइड हात वर नेतो. दुखणं कमी होण्यात आणि हात डोक्याच्या वर जाण्यात याच्या इतकं भरवशाचं दुसरं काही नाही. म्हणूनच डेल्टॉइड किंवा त्याची नस निकामी असेल तर हे ऑपरेशन बसत नाही.

काय परत येत नाही तेही ऐका. हात पाठीमागे नेणं बहुधा कमी होतं. डाव्या खांद्याचं ऑपरेशन असेल तर शौचानंतरच्या स्वच्छतेचं आधी नियोजन करा, हँड जेट लावा. ब्लाऊजचे हुक पुढे घ्या. सगळ्यांत महत्त्वाचं: जमिनीवरून उठताना हात मागे टेकून जोर देऊ नका. हात मागे, अंगाला चिकटून आणि आत वळलेला, याच अवस्थेत नवा सांधा निखळतो, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत. खाली बसणं सोडा, खुर्ची आणि कमोड वापरा.

एका हाताने उचलायच्या वजनाची मर्यादा बहुतेक सर्जन १० किलोच्या आसपास सांगतात, कायमची.

११. वय ५२, हात अजिबात उचलत नाही. मला रिव्हर्स का नको म्हणतात?

सांधा यंत्र आहे, झिजतो. दहा वर्षांनी दहापैकी नऊ सांधे जागेवर असतात, पण बावन्नच्या माणसाला पुढची तीस वर्षं काढायची असतात आणि बदलायचं ऑपरेशन पहिल्यापेक्षा खूप अवघड. म्हणून आधी प्रश्न ४ आणि ९ मधले मार्ग तपासतात. कूर्चा झिजून गोळा विद्रूप झाला असेल तर वय कमी असूनही रिव्हर्स करावाच लागतो. तेव्हा वखर, कुऱ्हाड, पाठीवरचा १६ लिटरचा फवारणी पंप हे सोडण्याची तयारी आधी हवी.

१२. हात वर जातो, पण घास तोंडाशी नेताना मनगट पोटाकडे पडतं. हे रिव्हर्सने सुधारेल?

एकट्या रिव्हर्सने पुरेसं नाही. टेरेस मायनर गेल्याची ही खूण. अशा वेळी रिव्हर्सच्या जोडीला लॅटिसिमस वळवतात. ऑपरेशनआधी डॉक्टरांना ही एक गोष्ट करून दाखवा, कारण एमआरआयपेक्षा ती जास्त बोलते.

१३. मान आणि खांदा दोन्हीकडे दोष निघाला. आधी कशाचं ऑपरेशन?

मानेतली नस दबली की तोच डेल्टॉइड आणि तेच बाहेर फिरवणारे स्नायू कमजोर होतात. बोटांत मुंग्या, कोपराखाली दुखणं, मान मागे केल्यावर कळ असेल तर नसांची ईएमजी तपासणी करून घ्या. डेल्टॉइडची ताकद कशामुळे गेली हे कळण्याआधी प्रश्न ९ किंवा १० मधलं ऑपरेशन करू नये.

१४. साखर आहे, तंबाखू चालू आहे, रक्त पातळ करायची गोळी आहे. चालेल का?

तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ८ च्या वर असेल तर बहुतेक ठिकाणी ऑपरेशन पुढे ढकलतात. तंबाखू आणि बिडी, दोन्हीतलं निकोटिन रक्तवाहिन्या आकसवतं. चार ते सहा आठवडे आधी बंद, नंतरही किमान तीन महिने. “मी ओढत नाही, फक्त मळतो” याने फरक पडत नाही. रक्ताची गोळी मनाने थांबवू नका, हृदयाच्या डॉक्टरांना विचारून ठरवा.

खांद्याच्या, काखेच्या त्वचेत राहणारा एक जंतू साध्या साबणाने जात नाही. म्हणून आधीचे दोन-तीन दिवस ५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइडचा लेप सांगतात. जुना सदरा घाला, रंगीत कपड्याचा रंग उडतो. काखेतले केस घरी वस्तऱ्याने काढू नका.

१५. भूल दिल्यावर दम लागतो असं ऐकलं.

मानेतून खांद्याच्या नसा बधिर करतात, त्याने त्या बाजूचा श्वासपटलही काही तास सुस्त होतो. निरोगी माणसाला जाणवत नाही. दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असेल तर आधी सांगा. पापणी उतरणं, आवाज घोगरा होणं त्याच दिवशी जातं. हात १२ ते १८ तास लाकडासारखा राहतो. वेदनेची गोळी बधिरपणा उतरायच्या आधी घ्या, नंतर घेतली तर मध्यरात्री वेदनेशी गाठ पडते.

१६. कामाला कधी?

सफाईनंतर झोळी आठवडाभर, हलकं काम महिन्यात. अर्धी शिवण आणि मांडीचा पडदा यांत सहा आठवडे झोळी. रिव्हर्समध्ये तीन-चार आठवडे. भाकरी थापणं दोन-तीन महिन्यांनी, पाटा-वरवंटा त्याच्याही नंतर. मोटारसायकल कुठल्याही मोठ्या ऑपरेशननंतर तीन महिन्यांआधी नको, खड्ड्यात हँडल झटका देतं. बसमध्ये वरची दांडी पकडू नका. कंडरा बदलीचं वेळापत्रक प्रश्न ९ मध्ये.

जळगावच्या मे महिन्यात झोळीखाली काख घामाने सोलते. दिवसातून दोनदा कमरेत वाकून हात सैल लोंबू द्या, काख पुसा, कोरडा सुती कपडा ठेवा.

१७. काय झालं तर लगेच जायचं?

जखमेतून पाणी, ताप, बोटं निळी-गार, सांध्याचा आकार बदलून अचानक कळ (निखळला असेल), छातीत दुखणं किंवा दम. दोन धोके मात्र उशिरा आणि शांतपणे येतात. एक, प्रश्न १४ मधला जंतू: ताप नाही, लाली नाही, फक्त महिन्यांनी वाढत जाणारं दुखणं. त्याचा नमुना प्रयोगशाळेत १४ दिवस ठेवायला सांगा, नाहीतर सापडत नाही. दुसरा, रिव्हर्सनंतर खांद्याच्या छताला तडा: चांगला उचलणारा हात अचानक कमी उचलतो आणि वर बोट ठेवलं की दुखतं. एक्स-रेत चुकतो, सीटी स्कॅन लागतो. हाडं ठिसूळ असलेल्या बायकांनी ठिसूळपणाची औषधं ऑपरेशनआधीच सुरू करावीत.

१८. आधी शिवलेलं पुन्हा फाटलं. परत शिवायचं का?

दुखत नसेल तर काहीच करू नका. पुन्हा फाटूनही हात छान चालणारे पुष्कळ आहेत. दुखत असेल तर आधी संसर्ग नाही ना ते पाहा, नवा एमआरआय करा, आणि प्रश्न ५ पासून सुरुवात करा. जुन्या उघड्या ऑपरेशनमध्ये डेल्टॉइड सोडवला होता का, हे डिस्चार्ज कार्डावरून सांगा. त्यावर कंडरा बदलीचं यश अवलंबून आहे.

१९. दोन्ही खांदे गेलेत. एकदम करून टाकावं का?

नाही. जेवण, आंघोळ, स्वच्छता एकाही हाताने जमणार नाही. जास्त दुखणारा आधी, दुसरा किमान तीन महिन्यांनी. दोन्हीकडे रिव्हर्स करायचा असेल तर प्रश्न १० मधली पाठीमागे हात न जाण्याची अडचण दुप्पट होते, हे आधीच बोलून घ्या.

२०. खर्च आणि योजना?

सगळ्यांत जास्त फरक इम्प्लांटमुळे पडतो. गुडघ्याच्या सांध्याच्या किमतीला २०१७ पासून सरकारने कमाल मर्यादा घातली, ती खांद्याच्या सांध्याला लागू नाही. त्यामुळे अँकर (कंडरा हाडाला अडकवणारे छोटे खिळे) किती लागतील, प्रत्येकी किती, सांधा कुठल्या कंपनीचा, हे लेखी घ्या आणि इम्प्लांटचे स्टिकर फाइलमध्ये चिकटवून घ्या. दहा वर्षांनी बदलायची वेळ आली तर तेच लागतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतलं संरक्षण कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे, पण नेमकी तुमची शस्त्रक्रिया पॅकेजमध्ये आहे का आणि इम्प्लांट धरला आहे का, हे रेशनकार्ड व आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे भरती होण्याआधी तपासा. जळगाव, धुळे आणि नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, पहिली तपासणी तिथे होते. कंडरा बदली किंवा रिव्हर्ससाठी नाशिक, मुंबई किंवा सुरतला जायचं ठरलं तर एमआरआयची फक्त रिपोर्टची चिठ्ठी नेऊ नका, सीडी न्या. निर्णय चित्रांवर होतो.